रेल्वेच्या छायाचित्रांत पहिला नंबर कुणाला द्यावा?

हौशी छायाचित्रकारांनी काढलेली रेल्वेची छायाचित्रे निवडायला बसले की गोव्यात पहिले काम ठरलेले असते, ते म्हणजे दूधसागरची छायाचित्रे बाजूला काढून त्यांचा वेगळा गठ्ठा करणे. सुमारे ३१० मीटर उंचीवरून कोसळणारे पाणी, त्याच्या पुढ्यात दगडी कमानींचा पूल आणि पुलावरून जाणारी गाडी, एवढी मांडणी आधीच तयार मिळत असताना त्यात छायाचित्रकाराचा वाटा किती, हे ठरवायचे असेल तर एका दूधसागरची तुलना दुसऱ्या दूधसागरशीच करायला हवी. चांदरच्या शेतांमधून निघालेल्या मालगाडीशेजारी ते छायाचित्र ठेवले तर मालगाडी दर वेळी हरते, आणि बक्षीस जाते ते धबधब्याला.

त्या गठ्ठ्याच्या आत मात्र निवड करायला भरपूर वाव असतो. पावसाळ्यात पांढऱ्याशुभ्र पाण्याला धरून प्रकाशमान (एक्सपोजर) ठरवले तर डबे काळ्या पट्टीसारखे दिसतात, आणि गाडीला धरून ठरवले तर पाण्याच्या जागी कोरा कागद उरतो. या दोहोंमधला मार्ग ज्याने काढला, त्याचे छायाचित्र मी आधी वर काढते. मग गाडी कुठे तोडली आहे ते पाहते. कुळ्याहून कॅसलरॉककडे जाणाऱ्या घाटात ३७ मीटरला एक मीटर असा खडा चढ आहे, त्यामुळे वर जाणाऱ्या गाडीला मागून रेटायला बँकर इंजिने लावतात. पुढचे इंजिन नेमके पुलाच्या मध्यावर यावे म्हणून बहुतेक जण गाडीची शेपटी चौकटीबाहेर टाकतात, आणि या घाटाची खरी ओळख असलेले बँकरच त्यातून वगळले जातात. एका छायाचित्रात पुढचे इंजिन झाडीआड गेले होते, पण मागची इंजिने धूर सोडत जोर लावताना स्पष्ट दिसत होती. दिसायला ते इतरांपेक्षा डावे होते, तरी गाडी चढते आहे हे त्या गठ्ठ्यात फक्त त्याच्यावरूनच कळत होते.

उन्हाची दिशा हा माझ्या लेखी दुसरा मोठा निकष, कारण छायाचित्र काढणाऱ्याने आपला मार्ग किती अभ्यासला आहे ते तिथे लपत नाही. कोकण रेल्वे गोव्यातून ढोबळमानाने उत्तर-दक्षिण जाते, म्हणजे थिवी किंवा करमळीच्या आसपास सकाळी रुळांच्या पूर्वेला आणि दुपारनंतर पश्चिमेला उभे राहिले तरच डब्यांच्या बाजूवर ऊन मिळते. वास्कोहून मडगाव, सावर्डे, कुळे असा जाणारा मार्ग पूर्व-पश्चिम आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने तिथे दक्षिणेची बाजू दिवसभर उजळलेली राहते. मे महिन्यापासून ऑगस्टच्या सुमारापर्यंत मात्र आपल्या अक्षांशावर माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो आणि हेच गणित उलटते. एरवी सुरेख असलेल्या छायाचित्रात इंजिनाचा चेहरा काळवंडलेला दिसला आणि खाली दुपारची वेळ लिहिलेली असली, की माणूस रुळांच्या कोणत्या बाजूला उभा होता हे विचारावे लागत नाही.

तीक्ष्णतेबाबत मी थोडी सैल आहे, पण कुठे सैल व्हायचे ते ठरवूनच. ताशी ११० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाच्या पाचशेव्या भागात सुमारे सहा सेंटीमीटर पुढे सरकते. बाजूने समोरासमोर टिपलेल्या छायाचित्रात एवढे अंतर इंजिनावरचा क्रमांक पुसट करायला पुरेसे असते. तीच गाडी दुरून, वळणावर, लांब लेन्सने जवळजवळ समोरून घेतली तर ते जाणवतही नाही. म्हणून दोन छायाचित्रांची तीक्ष्णता तोलताना आधी ती कोणत्या कोनातून घेतली आहेत ते पाहायला हवे. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांत धावती गाडी किंचित तिरपी, एका बाजूला कललेली दिसते, कारण मोबाइलचा सेन्सर सगळे दृश्य एका क्षणात न टिपता ओळीओळीने वाचत जातो. डब्यावरच्या एलईडी फलकावरची अर्धी अक्षरे गायब होतात तीही अशाच कारणाने, कारण ते दिवे डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने उघडमीट करत असतात. यासाठी कुणाचे गुण कापणे मला पटत नाही. क्षितिज वाकडे असेल, सिग्नलचा खांब ड्रायव्हरच्या केबिनमधूनच उगवल्यासारखा दिसत असेल, किंवा चाकांच्या खालीच चौकट कापलेली असेल तर मात्र मी कापते, कारण या तिन्ही गोष्टी गाडी येण्याआधी ठरवता येतात.

कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले आणि तेव्हापासून तुलनेचे काम अवघड झाले आहे. त्याआधीच्या छायाचित्रांत डिझेल इंजिनावर मोकळे आभाळ असे. आता खांब, आडवे हात आणि तारा चौकटीत येणारच. जुन्या आणि नव्या छायाचित्रांना एकच माप लावले तर नव्यांवर अन्याय होतो. तारांमुळे बिघडले असे म्हणण्यापेक्षा त्या तारांचे काय केले ते बघावे. वेर्ण्याजवळच्या एका छायाचित्रात खांबांची रांग लहान होत जाते आणि सपाट वाघिणींवर ट्रक लादलेली रो-रो गाडी त्या रांगेबरोबर नजरेला थेट वळणापर्यंत नेते. तिथे तारा नसत्या तर छायाचित्र पोकळ वाटले असते.

काही जण संगणकावर तारा पुसून टाकतात. माझ्याबरोबर परीक्षक असलेले निवृत्त ड्रॉइंग मास्तर याला सरळ खोटेपणा म्हणतात. मी त्यांना ओ. विन्स्टन लिंक या अमेरिकी छायाचित्रकाराची आठवण करून दिली. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने वाफेच्या इंजिनांची रात्रीची छायाचित्रे ढिगाने फ्लॅशबल्ब वापरून काढली, आणि त्यांतल्या सर्वांत गाजलेल्या छायाचित्रात उघड्यावरच्या सिनेमाच्या पडद्यावर जे विमान दिसते ते त्याने नंतर दुसऱ्या निगेटिव्हवरून आणून बसवले, कारण फ्लॅशच्या उजेडात पडदा पांढरा पडला होता. मास्तर म्हणाले, “बाई, त्याने पडद्यावर हात चालवला, इंजिनावर नाही.” हा भेद मला मान्य आहे. विजेच्या इंजिनावरची तार पुसली तर ते इंजिन चालते कशावर, असा प्रश्न उभा राहतो. म्हणून तार पुसलेले छायाचित्र आम्ही बाद करतो, उजेड-सावली सुधारलेले ठेवतो.

रुळांच्या मधोमध उभे राहून काढलेले छायाचित्र कितीही देखणे असले तरी आम्ही ते विचारातच घेत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे, आणि बक्षीस देऊन पुढच्या वर्षी आणखी चार पोरांना रुळांवर उतरवायची माझी तयारी नाही.

जुन्या मीटरगेजच्या काळातली छायाचित्रेही कधी कधी येतात, कुणाच्या काकांच्या अल्बममधून काढलेली. ती आम्ही स्पर्धेत न घेता वेगळी मांडतो. नव्वदच्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर ते दृश्य परत मिळणार नाही, त्यामुळे त्यांची किंमत त्यांच्या दुर्मीळपणात आहे.

या खेपेस शेवटी दोन छायाचित्रे उरली. एकात करमळीच्या तळ्याकाठचे धुके, पाणपक्षी आणि पलीकडून जाणारी गाडी होती. रचना निर्दोष, रंग संयत. दुसरे कुळ्याच्या यार्डातले, भर पावसात संध्याकाळी काढलेले. शेवटच्या डब्याला बँकर जोडला जातो आहे, रेनकोट घातलेला पॉइंट्समन एका हाताने दिवा धरून बाजूला वाकला आहे, टोपीच्या कडेवरून पाणी गळते आहे, आणि डबा आणि इंजिन जोडणाऱ्या दोन्ही कपलरमध्ये वीतभर अंतर उरले आहे. दिव्याभोवतीचा भाग जळून पांढरा झालेला आणि उजवीकडचा कोपरा अंधारात बुडालेला. मास्तरांचा कौल करमळीला होता. मी त्यांना एवढेच विचारले की तळ्यापलीकडच्या गाडीच्या जागी कदंबा बस असती तर छायाचित्रात काय बदलले असते. त्यांनी दोन्ही छायाचित्रे खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिली, दिव्याच्या जळक्या डागाबद्दल कुरकुर केली, आणि गुणपत्रिकेवर कुळ्याला एक गुण जास्त लिहिला. करमळीला दुसरा क्रमांक मिळाला. खालच्या ओळीत गाडीचे नाव लिहिलेले नव्हते, तेवढे विचारून घेऊन ते लावायचे ठरले.