कॅपिटॉल पीक: नाइफ एजच्या अलीकडे आणि पलीकडे

कॅपिटॉल शिखराचे फोटो शोधले की एकच जागा पुन्हा पुन्हा दिसते. दोन्ही अंगांना पोकळी, मध्ये करवतीसारखी धार आणि तिच्यावर घोड्यावर मांड टाकावी तसा बसलेला माणूस. ही नाइफ एज. लोक महिनोन्‌महिने तिची धास्ती घेतात आणि ती पार झाली की सुटकेचा निःश्वास टाकतात. तिथेच चूक होते. नाइफ एजचा कातळ घट्ट आहे. सैल दगडांचा भाग त्यानंतर सुरू होतो, आणि परतताना चुकीच्या घळीत शिरण्याचा मोह त्याहून घातक आहे.

शिखर कोलोरॅडोतल्या एल्क पर्वतरांगेत, ॲस्पेनजवळ. उंची सुमारे ४,३०७ मीटर. अमेरिकेच्या संसदेच्या इमारतीसारखा आकार म्हणून कॅपिटॉल हे नाव. १८७० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या हेडन सर्वेक्षणाच्या मंडळींनी ते नकाशावर आणलं, पण माथा गाठला तो १९०९ मध्ये पर्सी हॅगरमन आणि हॅरल्ड क्लार्क यांनी. आजची नेहमीची वाट ईशान्य धारेची, क्लास ४ ची: हात सतत दगडावर, आणि सुटलात तर मध्ये कुठे थांबणं नाही. मोसम साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत.

जाऊन-येऊन २७ किलोमीटर आणि सुमारे १,६०० मीटर चढाई. एका दिवसात करणारे आहेत, बाकीच्यांनी कॅपिटॉल लेकवर (३,५३५ मी.) मुक्काम करावा. गाडी लावायची जागाच २,८७० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून बाराशे मीटर वर. त्यामुळे सह्याद्रीतला दम इथे हिशोबात धरू नका. आधी एक-दोन रात्री ॲस्पेनच्या उंचीवर (२,४०० मी.) काढल्या तर फरक पडतो. तळ्यावर डोकं ठणकत असेल, जेवण जात नसेल, तर दुसऱ्या दिवशी धारेवर जायचं नाही. उंची बाधली की तोल आणि निर्णय, हे दोन्हीच आधी ढासळतात.

तळ्यापर्यंत दोन वाटा आहेत. मुख्य पायवाट सुरुवातीलाच ओढ्याकडे शंभर-सव्वाशे मीटर उतरते. दुसरी, डिच ट्रेल, पाटाच्या कडेने बरंच अंतर सपाट जाते आणि पुढे पहिलीला मिळते. दुसरीच धरा, कारण परतताना कळेल. या कुरणांत गाई चरतात, म्हणून ओढ्याचं पाणी गाळल्याशिवाय पिऊ नये. तळ्याजवळ मुक्कामाला आगाऊ परवाना लागतो आणि अन्न ठेवायला अस्वलाला न उघडणारा कडक डबा सक्तीचा आहे. तो अवजड असतो, पण पिशवी झाडाला टांगून भागत नाही.

निघायची वेळ पहाटे साडेतीन. उन्हाळ्यात दुपारी गडगडाट जवळजवळ ठरलेला, आणि के-टूपासून (माथ्याच्या अलीकडचं, याच धारेवरचं उपशिखर; काराकोरममधलं नव्हे) माथ्यापर्यंत वीज चुकवायला आडोसाच नाही. माथा नऊच्या आसपास, परत के-टू अकरापर्यंत असा हिशोब ठेवावा. तीन लिटर पाणी तळ्यावरच भरून घ्या, वर भरवशाचं पाणी नाही. हेल्मेट प्रत्येकाच्या डोक्यावर हवं. मोबाइलला रेंज मिळेल असं धरून चालू नका. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र जवळ ठेवा.

तळ्यावरून वळणावळणाच्या पायवाटेने कॅपिटॉल-डेली खिंडीत (३,८०४ मी.) पोचायला तासभर. अंधारात इथे वाट चुकते, कारण धारेनेच सरळ वर जावंसं वाटतं. तसं न करता खिंड ओलांडून पूर्वेच्या अंगाला थोडं उतरायचं, दोन-तीन घळी आडव्या पार करायच्या आणि मग धोंड्यांच्या उतारावरून के-टूच्या दिशेने चढायचं. जुलैच्या सुरुवातीला या घळींत टणक बर्फ असतो. तेव्हा आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड) आणि क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे खिळे) लागतात. ज्याला हे वापरायची सवय नाही त्याने महिनाभर थांबलेलं बरं.

के-टू (सुमारे ४,१६५ मी.) हा धारेवरचा उपशिखराचा ठोकळा. त्याच्या टोकावर चढलात तर पलीकडे उतरायला अवघड कातळ आहे. टोकाच्या जरा खालून उजव्या, म्हणजे उत्तरेच्या अंगाने वळसा घाला. इथे पहिल्यांदा खाली पाहिल्यावर पोटात गोळा येतो, आणि गटातल्या कोणाला थांबवायचं असेल तर ते इथेच. ढग जमायला लागले असतील, किंवा नऊ वाजून गेले असतील, तरीही इथूनच मागे.

नाइफ एज सुमारे ४५ मीटर लांब. दोन पद्धती चालतात. मांड टाकून, दोन्ही हात पुढे टेकवून ढुंगणावर सरकत जाणं: दिसायला हास्यास्पद, सुरक्षित, आणि पँट फाडणारं. किंवा धारेची कड दोन्ही हातांत धरून पाय एका अंगाच्या तिरक्या कातळावर रेटत आडवं सरकणं. बहुतेक जण दोन्ही मिसळून वापरतात. काठ्या आधीच सॅकमध्ये आत टाका. बाहेर लटकलेली काठी कातळात अडकते आणि तोल नेते. कातळ ओला असेल किंवा वारा ढकलत असेल तर पुढे जाऊ नये.

आता खरा भाग. नाइफ एजनंतर वाट धारेच्या डाव्या अंगाला जाते आणि माथ्याखालच्या तुटक्या उतारावरून तिरकी वर चढते. छोट्या केर्न (वाट दाखवायला रचलेल्या दगडांच्या राशी) दिसतात, पण सगळ्या बरोबर असतीलच असं नाही. कोणीतरी चुकून लावलेल्याही असतात. प्रत्येक होल्ड (हातापायाने धरायचा दगड) आधी तळहाताने ठोकून बघा: पोकळ आवाज आला, दगड हलला, तर सोडून द्या. होल्ड बाहेर ओढायचा नाही, खाली दाबायचा. वजन टाकताना हातापायांपैकी तिघांचा आधार कायम. एकमेकांच्या बरोबर खाली कोणी उभं राहू नये. घळ एकेकाने पार करावी, बाकीच्यांनी कडेला आडोशाला थांबावं. दगड सुटला तर ‘रॉक!’ ओरडायला लाजू नका. दोराबद्दल मतं वेगवेगळी आहेत. या तिरक्या चालीत मोकळा ओढला जाणारा दोर स्वतःच दगड पाडतो, आणि मध्ये पक्के अँकर (दोर कातळाला जखडणारे आधार) न लावता सगळ्यांना एकाच दोरात बांधलं तर एकाबरोबर सगळे जातात. ज्याला दोर हवासा वाटतो त्याने अनुभवी गाइड घ्यावा, हे माझं मत. के-टू ते माथा अंतर कमी, वेळ मात्र दीड-दोन तास.

उतरताना डावीकडे, थेट खाली, निळं कॅपिटॉल लेक दिसतं. तंबूही दिसतात. नाइफ एज पुन्हा नको, के-टूचा वळसा नको, ही घळ तर सरळ तळ्यावर जाते, असं थकलेलं डोकं सांगतं. ती जात नाही. वरून सौम्य दिसणारा उतार खाली कड्यांवर संपतो, आणि तिथून परत वर चढणं सैल दगडांमुळे जमत नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात सहा आठवड्यांत या डोंगरावर पाच जण दगावले. त्यांतले काही याच मोहात सापडले होते. आलात त्याच वाटेने: नाइफ एज, के-टू, घळी, खिंड. निघण्याआधीच गटात हे ठरवा, कारण माथ्यावर वाद घालायची कोणाचीच अवस्था नसते.

तळ्यावर दुपारी दीडच्या सुमाराला पोचून, तंबू गुंडाळून त्याच दिवशी गाडी गाठता येते. मुख्य पायवाटेने परतलात तर ओढ्यापासून शेवटी तो शंभर-सव्वाशे मीटरचा चढ पुन्हा समोर येतो. त्या वेळी पाट आठवतो.