व्हॉट्सॲपवरचे संभाषण न्यायालयात सिद्ध करताना

काळाघोड्याजवळच्या नगर दिवाणी न्यायालयात माझ्या अशिलाच्या सरतपासणीच्या, म्हणजे स्वतःच्या बाजूने दिलेल्या साक्षीच्या, प्रतिज्ञापत्रासोबतचे दस्तऐवज एक्झिबिट करण्याचे, म्हणजे पुरावा म्हणून नोंदवून घेण्याचे, काम चालू होते. व्हॉट्सॲप संभाषणाच्या बावीस पानी छापील प्रती मी पुढे केल्या आणि समोरच्या वकिलांनी उठून शांतपणे सांगितले, "सोबतचे प्रमाणपत्र रद्द झालेल्या कायद्याखालचे आहे." ते खरे होते. आमचा दावा ऑक्टोबर २०२४ मधला; भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा नवा पुरावा कायदा त्याआधीच, १ जुलै २०२४ पासून, लागू झालेला. तरीही माझ्या संगणकात वर्षानुवर्षे पडून असलेला, जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालच्या प्रमाणपत्राचा (इलेक्ट्रॉनिक नोंद कोणत्या उपकरणातून कशी घेतली हे सांगणाऱ्या) मसुदा मी नाव आणि तारीख बदलून जोडला होता. सव्वीस वर्षे वकिली केल्यानंतर अशी चूक कारकुनावर ढकलता येत नाही.

प्रकरण तसे साधे होते. गिरगावातल्या चाळीत राहणाऱ्या निवृत्त काकांनी शेजारच्या मंडप डेकोरेटरला साडेचार लाख रुपये हातउसने दिले होते. कागद केला नव्हता, साक्षीदार नव्हता, होते ते फक्त फोनवरचे दीड वर्षाचे बोलणे आणि एक व्हॉइस नोट, ज्यात मागे ढोल वाजत असताना प्रतिवादी म्हणतो, "काका, तुमचे साडेचार लाख माझ्या लक्षात आहेत." हे सिद्ध झाले तर दावा उभा राहणार होता, नाहीतर काकांच्या शब्दाविरुद्ध त्याचा शब्द एवढेच उरणार होते.

योग्य प्रमाणपत्र दाखल करण्यासाठी मी मुदत मागितली, आणि ती मागताना आधार घेतला तो जालन्याच्या निवडणुकीतून निघालेल्या निकालाचा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले होते आणि उमेदवारी अर्ज वेळेनंतर दाखल झाल्याचा वाद निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणापर्यंत पोहोचला होता. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात मूळ उपकरणच न्यायालयात आणलेले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे असे ठरवले. पण त्याच निकालात, खटल्याची सुनावणी संपेपर्यंत ते सादर करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, असेही म्हटले. आम्हाला खर्च भरण्याच्या अटीवर मुदत मिळाली. खर्चाची रक्कम अर्थातच मी भरली.

नव्या कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्राचा ठरावीक नमुना अनुसूचीत दिला आहे. त्याचा भाग 'अ' नोंद सादर करणाऱ्याने आणि भाग 'ब' तज्ज्ञाने भरायचा असतो. उपकरणाचा प्रकार, कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, आयएमईआय क्रमांक यांच्याबरोबर तिथे उपकरणाचा रंगही विचारला आहे. काकांच्या फोनला लेकीने चढवलेले तपकिरी कव्हर इतके घट्ट बसले होते, की आत निळा फोन आहे हे त्यांनाच नव्याने कळले. काचेला कोपऱ्यातून तडा गेलेला होता. "मॅडम, दिवाळीला नवा घेणार होतो," ते म्हणाले, आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत हा फोन विकायचा नाही, दुरुस्तीला टाकायचा नाही, त्यातले काही पुसायचे नाही, असे मी त्यांना लिहून दिले.

खरी अडचण हॅशची होती. फाइलमधल्या मजकुरावरून गणिती रीतीने काढलेली ही ओळख असते. एसएचए-२५६ पद्धतीने ती चौसष्ट अंक-अक्षरांची येते, आणि फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी सगळीच्या सगळी बदलते. फाइलचे नाव बदलल्याने मात्र काही होत नाही, कारण हिशेब आतल्या मजकुराचा असतो. मी संभाषण निर्यात करून हॅश काढली, भाग 'अ' मध्ये ती एकेक अक्षर बोटाने मोजत लिहिली. अंधेरीच्या तज्ज्ञांकडे गेलो, तर त्यांची हॅश पूर्ण वेगळी. अर्धा तास शोधल्यावर उमगले, की निर्यात केलेल्या फाइलच्या सुरुवातीला येणारी एन्क्रिप्शनची सूचना मी अनावश्यक समजून पुसली होती आणि तज्ज्ञांना दिलेली प्रत त्यानंतरची होती. वकिलाचा हात कागद नीटनेटका करायला आपोआप जातो; इथे तोच हात पुराव्यात बदल करणारा ठरला असता. तज्ज्ञांनी फोनमधून संभाषण पुन्हा निर्यात केले, व्हॉइस नोटची हॅश वेगळी काढली, आणि आम्ही दोघांनी त्याच फाइलींवर सह्या केल्या.

कायद्यात 'तज्ज्ञ' हा शब्द आहे, पण साध्या दिवाणी दाव्यातल्या माणसाने तो कुठे शोधायचा याचे उत्तर सोपे नाही. कलिन्याची सरकारी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा मुख्यतः पोलिसांच्या आणि न्यायालयांच्या कामाला आहे. खाजगी तज्ज्ञांची फी काकांना साडेसात हजार पडली. साडेचार लाखांसाठी ती परवडते. चाळीस हजारांच्या उसनवारीसाठी कोण देईल, हा प्रश्न मला अजून छळतो.

त्यानंतर भाषांतर. न्यायालयाचे काम इंग्रजीत असल्याने मराठी संभाषण इंग्रजीत द्यावे लागते. माझ्या ज्युनिअरने ते एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनातून दहा मिनिटांत काढले आणि दिसायलाही ते सुबक होते. पण प्रतिवादीने लिहिलेल्या "दिवाळीपर्यंत सगळा हिशोब चुकता करतो" या वाक्याचे इंग्रजी "सगळ्या हिशोबात चूक करतो" असे झाले होते. म्हणजे कर्जाची कबुली असलेले एकमेव लेखी वाक्य आमच्याच हातून बाद झाले असते. "गणपतीनंतर बसू" याचेही तेच. तिथे नुसते खाली बसणे उरले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकालपत्रांच्या भाषांतरासाठी सुवास हे सॉफ्टवेअर आणले, त्याचेही भाषांतर माणसे तपासतात ते उगाच नाही. आम्ही बावीस पाने मुळाशी ताडून पुन्हा केली.

ई-फायलिंगबद्दल फार सांगण्यासारखे नाही, एवढेच की काकांच्या आधारवरच्या ई-स्वाक्षरीचा ओटीपी ज्या फोनवर येणार होता, तो त्या दुपारी तज्ज्ञांच्या टेबलावर एअरप्लेन मोडमध्ये होता. काम दुसऱ्या दिवशी झाले.

पुढच्या तारखेला समोरच्या वकिलांनी दोन्ही हॅश प्रमाणपत्राशी जुळवून पाहिल्या, उलटतपासणीचा हक्क राखून हरकत मागे घेतली आणि संभाषण एक्झिबिट झाले. बाहेरच्या बाकावर काकांनी फोन पुढे धरून विचारले, "आता नवा घेऊ का?" उलटतपासणी व्हायची होती. मी नाही म्हटले.