पक्षी बघायला गेलो आणि मांजरं मोजून आलो

नांदूर मध्यमेश्वरला गेलो होतो पक्षी बघायला. नाशिकहून सायखेड्यामार्गे चापडगाव, मनोऱ्यावर सेल्फीवाल्यांची जत्रा, गोदावरी-कादवेच्या पाण्यावर चमच्यासारख्या चोचीचे चमचे पक्षी आणि बदकं ठिपक्याएवढी. पक्षी एवढेच. डोक्यात राहिला तो निफाडजवळचा आत्याचा मळा.

मक्याच्या पोत्यांना उंदीर लागले म्हणून आत्याने गेल्या वर्षी दोन मांजरं आणली. आता सात आहेत. रात्री मला झोपवलं पोत्यांच्याच खोलीत. एक बोका दूध-भाकरी खाऊन तट्ट होऊन माझ्या पायावर निजला, आणि उंदीर निवांत आढ्यावरून पळापळी करत होते.

पहाटे शेततळ्याकडून टिटवीचा आकांत ऐकू आला. चहाचा कप तसाच ठेवून पळालो. बोक्याच्या तोंडात बोटाएवढं ठिपकेदार पिल्लू, पाय अजून हलतायत. वरून टिटवी झेपा घेतेय, त्याला पर्वा नाही.

"खाऊ दे रे," आत्या म्हणाली. "उंदीर काय रोज गावतो का?"

"मग रात्रभर पोत्यांत काय खडखडत होतं?"

ती हसून चुलीकडे गेली. मी मात्र दिवसभर चिडलेला.

दुपारी उसाच्या बांधावरून एक मुंगूस शेपटी लोळवत निघून गेलं. याच्याच भाऊबंदांना 1872 मध्ये आपल्याकडून जमैकाला नेलं होतं, तिथल्या उसातले उंदीर मारायला. उंदीर रात्रीचे, मुंगूस दिवसाचं. सुरुवातीला उंदीर घटले म्हणून मळेवाले खूश, मग जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, सरडे, कोंबड्या असं सगळंच त्याने पोटात घातलं. तरीही 1883 मध्ये जमैकातूनच हवाईला मुंगसं गेली! ऑस्ट्रेलियाने 1935 मध्ये उसातल्या भुंगेऱ्यांसाठी विषारी भेक आणले. भुंगेरे राहिले आणि भेक खाणारे प्राणी मेले. म्हणजे आत्या एकटी नाही. इथे निफाडात मुंगूस घरचंच, त्याला आवरणारेही आहेत.

ते कोण, हे संध्याकाळी कळलं. आत्या दूध ओतून मांजरं मोजत होती. सहाच भरली.

"बिबट्यानं नेलं असंल," ती म्हणाली. "उसात बसतो की. आता राखणीला एक कुत्रं आणायचंय. पुण्यात कुणाकडं पिल्लू असलं तर बघ."