दहाव्या एकाचा ताळा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि लेखणी थेट गणिताच्या सरांकडेच वळली. सहली-स्नेहसंमेलनांवर बाकीचे लिहितीलच.

आठवीच्या फळ्यावर सर दरवर्षी एक गुणाकार मांडत: १११११११११ चा वर्ग. उभ्या मांडणीत नऊ ओळी, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. मग उजवीकडून घरागणिक एक मोजायचे. एक, दोन, तीन करत मधल्या घरात नऊ, तिथून पुन्हा उतरण. हातचा कुठेच नाही, म्हणून उत्तर दोन्हीकडून सारखं: १२३४५६७८९८७६५४३२१. आकड्यांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागही पुरता जातो, कारण १११११११११ = ९ × १२३४५६७९. त्यातला १२३४५६७९ म्हणजे ३७ × ३३३६६७, दोन्ही मूळ संख्या. म्हणजे वर्गात ३ चा चौथा घात आणि या दोघांचे दुसरे घात; प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणलं की वर्गाचे विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

देवळालीच्या शाळेत १९६२ पर्यंत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांना ‘डेम्लो’ म्हटलं, जीआयपी (आताच्या मध्य) रेल्वेवरच्या त्या नावाच्या स्टेशनावरून. एका शाळामास्तराने संख्यांना स्टेशनाचं नाव द्यावं, याचं सरांना कोण कौतुक!

पण खरी गंमत दहाव्या एकाची. दहा एकांचा वर्ग विचारला की कुणीतरी हटकून १२३४५६७८९१०९८७६५४३२१ लिहायचंच. सर ‘चूक’ म्हणत नसत. ‘ताळा करा,’ एवढंच. नवाचा ताळा, म्हणजे एकच आकडा उरेपर्यंत आकड्यांची बेरीज, घ्यावा तर तो चक्क जुळतो! बेरीज ९१, म्हणजे १. आणि दहा एकांची बेरीज १०, तिचा वर्ग १००, म्हणजेही १. हातचा डावीकडच्या घरात न देता तिथेच १० लिहून टाकले, तर नवाच्या ताळ्याला फरक कळतच नाही. मग सर अकराचा ताळा लावायला सांगत. दहा एकांना ११ ने भाग जातो, तेव्हा वर्गालाही गेला पाहिजे. पण फळ्यावरच्या उत्तरात एकाआड एक आकड्यांच्या बेरजा ४५ आणि ४६. भाग जायला त्यांतला फरक शून्य किंवा ११ च्या पटीत हवा; इथे तो १. उत्तर चुकलंच! मधल्या १० चा हातचा डावीकडच्या ९ ला, तिथून ८ ला दिला की येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. बेरजा ४१ आणि ४१.

आता फळ्याजागी स्मार्ट बोर्ड आलाय म्हणे. येऊ दे. पण एक्सेलच्या चौकटीत नऊ एकांचा वर्ग काढून बघा: शेवट ३२१ ऐवजी ३००, कारण पंधरा आकड्यांपुढे तिथे शून्यंच भरतात. सरांचा विद्यार्थी हे बघताक्षणी ओळखेल. दोन शून्यं काढली की शेवटी ३ उरतो, आणि ३ वर संपणारा वर्ग नसतोच. शिवाय बेरीज ७८: तीनने भाग जातो, नवाने नाही. वर्गाला असं चालत नाही.