चोर्ल्याच्या वाटेवर कॅप्टन फ्लिंट

बेळगाव सोडून जांबोटीच्या रस्त्याला लागलं की आमच्या खानापूरच्या मामांना गुप्तधन आठवतं. पाऊस सरत आला होता, भात पोटरीला आलं होतं. जांबोटीत चहा झाला आणि गाडी कणकुंबीकडे वळताच मामांनी सुरुवात केली. कुण्या जमीनदारानं म्हणे रानात हंडा पुरला, पुरायला सोबत नेलेला गडी तिथंच मारला आणि हंड्यावर राखणदार म्हणून बसवला. अशी गोष्ट आमच्या भागात गावोगाव आहे. जमीनदाराचं नाव बदलतं. गडी सगळीकडे बिननावाचा.

योगायोग असा की पिशवीत 'ट्रेझर आयलंड' होतं, स्टीव्हन्सनचं चाच्यांच्या खजिन्याचं पुस्तक, परत वाचायला घेतलेलं. मी मामांना म्हटलं, "तुमचा जमीनदार एकच गडी मारतोय. आमच्या कॅप्टन फ्लिंटनं ६ मारले."

फ्लिंट ६ धिप्पाड खलाशी घेऊन बेटावर उतरतो. खाली 'वॉलरस' जहाजावर बाकीचे वाट बघत थांबलेले. काही दिवसांनी छोट्या होडीतून परत येतो तो एकटाच, डोक्याला निळं फडकं गुंडाळलेलं, चेहरा पांढराफटक. त्या सहांना एकट्यानं कसं मारलं, कुणाला कळत नाही. खजिना कुठं पुरला असं विचारणाऱ्यांना तो सांगतो, हवं तर उतरा बेटावर आणि राहा तिथंच. मेलेल्यांपैकी एकाचा सांगाडा त्यानं हात वर करून असा पसरून ठेवलाय की तो खजिन्याची दिशा दाखवतो. मामांनी गाडीचा वेग कमी केला. "म्हंजे राखणदारच की रे," ते म्हणाले.

या पुस्तकाचं नाव काढलं की लोकांना आठवतो तो एका पायाचा लाँग जॉन सिल्व्हर. नाटकात, सिनेमात, मुलांच्या वेषभूषा स्पर्धेत, सगळीकडे त्याचाच भाव. माझं मत वेगळं आहे. खरा माणूस फ्लिंट, कारण तो पुस्तकात एकदाही येत नाही. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच तो सॅव्हानाला रम मागत मेलेला असतो. उरलाय त्याचा नकाशा, पुरलेला ७ लाख पौंडांचा ऐवज, त्याच्या नावाचा सिल्व्हरचा पोपट आणि त्याच्या जुन्या खलाशांच्या पोटातली भीती. शेवटी शेवटी झाडीतून कुणीतरी फ्लिंटचे मरतानाचे शब्द ओरडतं तेव्हा हे निर्ढावलेले चाचे लटपटतात. ओरडणारा त्यांचाच जुना सोबती बेन गन आहे असं लक्षात आलं की लगेच सावरतात, कारण बेन गनला जिवंतपणी कुणी विचारत नव्हतं, तर मेल्यावर कशाला घाबरायचं! माणसांची इतकी नेमकी पारख मोठ्यांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांतही फार सापडत नाही.

नकाशाची गंमत तर पुस्तकाच्या बाहेरचीही आहे. १८८१च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी पाऊस हटत नव्हता. घरात अडकलेल्या सावत्र मुलाबरोबर बसून स्टीव्हन्सननं रंगांनी एक बेट काढलं आणि त्या बेटावरून गोष्ट सुचली. ती आधी मुलांच्या साप्ताहिकात 'कॅप्टन जॉर्ज नॉर्थ' या टोपणनावानं क्रमशः आली, मग १८८३ साली पुस्तक. छपाईला पाठवलेला मूळ नकाशा मात्र हरवला. तो वडिलांच्या कचेरीत पुन्हा काढावा लागला आणि त्यावर फ्लिंटची सही ठोकली ती लेखकाच्या वडिलांनी. दीपगृहं बांधणारा, नावाजलेला इंजिनिअर माणूस. मुलाच्या चाच्यासाठी खोटी सही करतो!

कणकुंबीला माउलीच्या देवळात थांबलो. मलप्रभा इथं उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. याच खानापूर तालुक्यातून म्हादई निघते ती मात्र पश्चिमेला, गोव्यात. त्या पाण्यावरून दोन राज्यं किती वर्षं भांडतायत ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, म्हणून लांबण लावत नाही. पुढं चोर्ल्याला रस्ता गोव्याकडे उतरायला लागतो. तिथं गाडी कडेला घेऊन मी मामांना पोपटाचा उतारा वाचून दाखवला, कारण त्यात गोवा आहे.

सिल्व्हर म्हणतो, हा पोपट दोनशे वर्षांचा असेल. मादागास्कर बघितलंय, मलबार बघितलंय, आणि गोव्याहून निघालेल्या 'व्हाइसरॉय ऑफ द इंडीज'वर चाचे चढले तेव्हा हा तिथं हजर होता. शाळेत वाचलेल्या संक्षिप्त मराठी अनुवादात हे वाक्य असतं तर मी तेव्हाच फ्लिंटच्या टोळीत भरती झालो असतो.

ही निव्वळ थाप नाही. गोव्याचा विजरई, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉय, एरिसेइराचा काउंट, मुदत संपवून परत निघाला होता. त्याचं 'नोसा सेन्योरा दो काबो' जहाज वादळात मोडकळीला येऊन आजच्या रेयुनियाँ बेटाशी थांबलं होतं. एप्रिल १७२१मध्ये इंग्रज चाचा टेलर आणि फ्रेंच चाचा ला ब्यूझ यांनी ते तिथं लुटलं. स्टीव्हन्सन या लुटीचं श्रेय एडवर्ड इंग्लंड या कप्तानाला देतो. खऱ्या इंग्लंडला त्याच्याच माणसांनी त्याआधी पदावरून काढून मॉरिशसला सोडून दिलं होतं, एका शत्रू कप्तानाला दया दाखवली म्हणून. लुटीत हिरे होते असं सांगतात. ते दख्खनच्या खाणींतले असतील तर गोव्याला पोचताना सह्याद्रीचा कुठला तरी घाट उतरलेच असणार. (त्याच काळात कान्होजी आंग्रे कोकण किनारा राखत होते. इंग्रजांच्या कागदांत चाचा म्हणून हिणवलं गेलं ते त्यांना. असो.)

दुसऱ्या दिवशी हलशी केली. गोव्याच्या कदंबांची ही घाटावरची राजधानी. गोपकपट्टण बंदरातून ज्यांची गलबतं निघत, ते राजे इथं भातखाचरांच्या गावात नांदत होते. भूवराह नरसिंहाच्या देवळात समोरासमोर दोन गाभारे आहेत, ते सावकाश बघावेत. गाव सोडल्यावर रानात एका पडक्या मठीमागं कंबरभर खोल खड्डा दिसला. कडेला लिंबं, कुंकू, फुटलेला नारळ.

"धन कुणाला गावलं नाही, खरं खड्डा तेवढा ऱ्हायला," मामा म्हणाले.

तो खड्डा बघून मला फ्लिंटचा शेवटचा खड्डाच आठवला. नकाशा बरोबर, झाड बरोबर, सांगाडा बरोबर. खणायला गेलेल्यांना तिथं रिकामी जागा, मोडका दांडा आणि फळ्यांचे तुकडे. खरे चाचे लूट पुरून ठेवायच्या भानगडीत सहसा पडत नसत. वाटून घेत आणि उधळत. विल्यम किडनं १६९९मध्ये गार्डिनर्स बेटावर थोडंफार पुरलं, ते अपवादातलं. तरी चाचा म्हटलं की जगाला नकाशा आणि लाल फुली दिसते, ती या न घडलेल्या कप्तानामुळं. ला ब्यूझला १७३०मध्ये फाशी झाली. त्याच्या, म्हणजे गोव्याहून निघालेल्या, खजिन्यासाठी सेशेल्समध्ये विसाव्या शतकातही माणसं किनारा खणत होती.

मामांना यातलं निम्मं पटलं. "मग फ्लिंटचं धन काढलं कुणी? पायाळू होता काय त्यांच्यात?" पायाळूला जमिनीखालचं दिसतं, ही आमच्याकडची जुनी समजूत.

"बेन गन. त्याला बेटावर एकटा सोडून गेले होते. तीन वर्षं होता. तेवढ्यात धन शोधलं, उकरलं, वाहून गुहेत नेऊन ठेवलं."

"आणि सुटका करायला आले त्यांच्याकडं मागितलं काय?"

"चीज. रात्री स्वप्नात भाजलेलं चीज यायचं म्हणे."

मामा नंदगडचा फाटा येईपर्यंत हसत होते. "तीन वर्षं सोन्यावर बसला गा, आणि मागतोय काय! भाकरी-पिठलं तरी मागायचं की!"