शिझुओकातले तीन आठवडे: चुकलेली गाडी आणि रिकामा टब

व्हिसा उशिरा हाती आल्याने, जपानमधल्या शिझुओकाला यजमान कुटुंबांकडे राहायला निघालेल्या आमच्या सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या गटात मी एक दिवस मागे पडले. टोकियो स्टेशनात एकटीच होते. अंगात विमानप्रवासाचा शीण होता आणि समोर आलेली शिन्कान्सेन (वेगवान रेल्वेगाडी) पश्चिमेकडेच जाणारी होती, म्हणून चढले. ती निघाली नोझोमी, म्हणजे मोजक्याच स्टेशनांवर थांबणारी गाडी. नोझोमी शिझुओकाला थांबत नाही. शिन-योकोहामा सोडलं की थेट नागोया. डब्यातल्या पाटीवर पुढचं स्टेशन वाचलं आणि घशाला कोरड पडली. यजमान कुटुंब तिकडे स्टेशनावर येऊन थांबलेलं असणार.

कंडक्टरला तिकीट दाखवलं. कपाळावर आठीही न आणता त्याने त्यावर काहीतरी लिहिलं आणि नागोयाला ते दाखवून परत फिरायला सांगितलं. फाटकाबाहेर पडू नका, हे हातवारे करून दोनदा बजावलं. मला जादा पैसे पडले नाहीत. तुमचंही असं झालं तर बाहेर न पडता आधी कर्मचाऱ्याला गाठा. शिझुओकासाठी कोदामा गाडी बिनधोक, ती प्रत्येक स्टेशनावर थांबते. हिकारी गाड्या सगळ्या तिथे थांबत नाहीत, फलकावर नाव बघूनच चढा. टोकियोहून जाताना उजवीकडची, म्हणजे 'ई' क्रमांकाची खिडकी घ्या, तिथून फुजी पर्वत दिसतो. माझ्या घालमेलीत तो कधी मागे पडला ते कळलंही नाही, याची हळहळ अजून आहे.

सामानाचंही सांगून ठेवते. बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंमीपेक्षा जास्त भरली, तर या मार्गावर तिच्यासाठी जागेसकट आसन आधी राखून ठेवावं लागतं. त्यापेक्षा विमानतळावरूनच 'ताक्युबिन' या कुरिअर सेवेने बॅग घरपोच पाठवा आणि दोन दिवसांचे कपडे पाठपिशवीत ठेवा.

दारातला खोलगट भाग म्हणजे गेनकान. बूट तिथे काढायचे, घरात सपाता, तातामीच्या चटईवर त्याही नाहीत, संडासासाठी वेगळ्या. हे मी वाचून गेले होते. अंघोळीचं मात्र अर्धवटच वाचलं होतं.

पाहुणी म्हणून पहिली अंघोळ माझी. टबाबाहेर बसून साबण लावायचा, अंग स्वच्छ धुवायचं आणि मग गरम पाण्यात नुसतं बसायचं, हे सगळं मी नीट केलं. निघताना, मागे घाण ठेवू नये म्हणून बूच काढून टब रिकामा केला. तेच पाणी घरातले सगळे एकामागून एक वापरतात हे मला ठाऊक नव्हतं. ओकासान (यजमान आईला सगळे असंच म्हणतात) रोज रात्री निमूटपणे टब पुन्हा भरत राहिल्या. चौथ्या दिवशी त्यांच्या मुलीने हळूच सांगितलं तेव्हा मला रडूच आलं. चार रात्री त्या माणसांची झोप लांबली आणि एक शब्द कुणी बोललं नव्हतं.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: पहिल्याच संध्याकाळी यजमानांबरोबर घरभर फिरा आणि प्रत्येक गोष्ट करून दाखवायला सांगा. अंघोळ, कचरा, कपडे धुण्याचं यंत्र, सगळं. मी ज्या घरी राहिले तिथली माणसं पाहुण्याची चूक त्याला सांगणं म्हणजे त्याचा अवमान, असंच मानत होती. विचारलं की मात्र फार आनंदाने शिकवतात. कचऱ्याचे प्रकार आणि वार तर ओकासाननी चित्रं काढून समजावले.

शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढ्याने भागत नाही. भाज्यांच्या सूपातही बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क, म्हणजे दाशी असते. काय चालतं, काय नाही याची जपानीत लिहिलेली चिठ्ठी निघण्याआधीच करून घ्या. विजेचा दाब 100 व्होल्ट आणि प्लग दोन चपट्या पिनांचा, तेव्हा अडॅप्टर लागेलच. औषधांचे नियम कडक आहेत. सर्दीच्या काही साध्या गोळ्यांवरही बंदी आहे, त्यामुळे घटक तपासूनच बॅगेत टाका.

शेवटच्या रात्री अंघोळ झाल्यावर पाणी गरम राहावं म्हणून टबावर झाकण सरकवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओकासानना म्हटलं, "ओसाकी नि इतादाकिमाशिता." म्हणजे, तुमच्या आधी माझी झाली. त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि टॉवेल घेऊन अंघोळीला गेल्या.