बोगोटातले साडेअकरा तास आणि गूळपाणी

ऑफिसच्या कामाने पेरू देशात लिमाला जायचं होतं. ट्रॅव्हल डेस्कने स्वस्तातलं तिकीट शोधून जे माझ्या माथी मारलं त्यात मधे कोलंबियात, बोगोटाला, साडेअकरा तासांचा लेओव्हर. सकाळी सहा दहाला उतरायचं आणि पुढचं विमान संध्याकाळी पाच चाळीसला. आधी जाम चिडले. मग म्हटलं एवढ्या लांब परत कोण पाठवतंय आपल्याला, बाहेर पडूया.

बाहेर पडायचं तर व्हिसा लागतो. माझ्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता आणि त्याचे 180 दिवसांहून जास्त शिल्लक होते, त्यावर काम झालं, पण नियम बदलत असतात त्यामुळे तुम्ही निघण्याआधी नीट बघून घ्या. इमिग्रेशनचा चेक-मिग नावाचा ऑनलाइन फॉर्म मी घरूनच भरला होता. बॅगा थेट लिमाला, पाठीवर एक सॅक.

आता खरा हिशोब. इमिग्रेशनला एक तास, जायला एक, यायला एक, आणि तीन तास आधी परत हजर. म्हणजे साडेअकरातले उरले साडेपाच. लोक साडेपाच तासांत मोन्सेराते डोंगरावर केबल कारने जातात, दोन म्युझियम करतात, मार्केट करतात आणि संध्याकाळी त्यांना काहीच आठवत नाही. मी ठरवलं की फक्त जुन्या भागात, ला कांदेलारियात राहायचं. तसंही बोगोटा 2600 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही जवळजवळ एक किलोमीटर वर, आणि विमानातून उतरून दोन जिने चढले तर ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या चौथ्या मजल्यावर लिफ्ट बंद असताना लागते तशी धाप लागली. मोन्सेराते 3152 मीटर. नको बाई.

पिवळी टॅक्सी केली. खिडकीतून फोटो काढायला मोबाईल बाहेर धरला तर ड्रायव्हरकाकांनी लगेच मागे वळून बोट हलवलं, "नो दार पापाया". पपई देऊ नकोस! गुगलने भाषांतर केलं ते एवढंच, अर्थ नंतर कळला की चोराला आयती संधी देऊ नकोस. मोबाईल सॅकमध्ये.

पण खिडकीतून जे दिसत होतं ना त्यासाठी खरं तर हा ब्लॉग लिहायला घेतला. रविवार होता. अख्ख्या मोठ्या रस्त्याची एक बाजू गाड्यांना बंद आणि त्यावर सायकली, स्केट्स, बाबागाड्या, धापा टाकत पळणारे आजोबा, पट्ट्याला बांधलेली कुत्री. याला सिक्लोव्हिया म्हणतात, 1974 पासून चालू आहे, दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी 7 ते दुपारी 2, आणि एक-दोन गल्ल्या नाही तर शंभर किलोमीटरच्या वर रस्ते. मी घोडबंदर रोडची मुलगी. माजिवड्याच्या सिग्नलला माझं निम्मं तारुण्य गेलंय. कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत एक बाजू दर रविवारी सायकलवाल्यांना दिलीय असं नुसतं डोळ्यांसमोर आणून बघा. मला हसूच आलं, मग जरा वाईटही वाटलं.

काररेरा सेप्तिमा, म्हणजे तिथला सात नंबरचा मोठा रस्ता, तोही बंद होता, त्यावरून मी नुसतीच चालत सुटले. ऑक्टोबर, थंडी चांगलीच, स्वेटरवर जॅकेट. एका छोट्याशा दुकानात शिरले, बाई मोठ्या मगातून काहीतरी तपकिरी गरम ओतत होती, सगळे तेच पीत होते म्हणून मीही बोट दाखवलं. आग्वा पानेला. पहिला घोट घेतला आणि... अहो, गुळाचं पाणी! गरम, वरून लिंबू पिळलेलं. पानेला म्हणजे चक्क उसाचा गूळ, आणि भारतानंतर तो सगळ्यात जास्त बनतो तो कोलंबियात. सोबत पांढऱ्या चीजचा तुकडा देतात, तो लोक गरम पाण्यात बुडवून खातात, ते काही मला झेपलं नाही.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. तिकडे साडेनऊ, ठाण्यात रात्रीचे आठ.
"अगं एकटी कुठे फिरतेयस? काही खाल्लंस का?"
"गूळपाणी पितेय."
"तिकडे पण पाहुण्याला गूळपाणी देतात?"
पैसे घेऊन देतात, म्हटलं. तिला ते पटलं नाही.

दहाला गोल्ड म्युझियम उघडलं. सोमवारी बंद, रविवारी फुकट, त्यामुळे गर्दी होती. सोन्याच्या वस्तू हजारोंनी आहेत, अर्ध्या तासानंतर नाकातल्या नथी आणि छातीवरचे पत्रे सगळे सारखे दिसायला लागतात, खोटं कशाला सांगू. पण मुइस्का लोकांचा, म्हणजे स्पॅनिश लोक यायच्या आधीच्या तिथल्या मूळ रहिवाशांचा, तराफा बघाच. वीतभर लांबीचा, सोन्याचा, 1969 मध्ये पास्का गावाजवळच्या गुहेत शेतकऱ्यांना सापडलेला. मधे मोठा सरदार, आजूबाजूला लहान माणसं. नव्या सरदाराच्या अंगाला सोन्याची पूड फासून त्याला तराफ्यावरून ग्वाताविता तलावाच्या मध्यभागी न्यायचे आणि सोनं-पाचू पाण्यात सोडायचे, अशी कथा. एल दोरादो म्हणजे सोन्याने मढलेला माणूस, गाव नाही. स्पॅनिश लोक शहर समजून शोधत बसले आणि आता विमानतळाला तेच नाव. मला मात्र तिथे उभं राहून सारखं ठाण्याच्या मासुंदा तलावातलं गणपती विसर्जन दिसत होतं. तराफा, मधे मूर्ती, आजूबाजूला चार माणसं, पाण्याच्या मधोमध जायचं आणि सोडून द्यायचं. पंधरा मिनिटं त्या काचेपुढून हलले नाही, मागचे लोक वैतागले असणार.

गुबगुबीत माणसं रंगवणाऱ्या बोतेरो या चित्रकाराचं म्युझियम जवळच आहे, तेही फुकट, मंगळवारी बंद. गुबगुबीत मोनालिसा बघितली, खुश झाले, वीस मिनिटांत बाहेर.

जेवायला आहियाको नावाचं सूप. चिकन, तीन जातीचे बटाटे, मक्याचं कणीस आणि ग्वास्कास नावाचा पाला, एक जातीचा बटाटा पूर्ण विरघळून रस्सा दाट होतो. वरून क्रीम, बाजूला भात आणि अवोकाडो. तिखट शून्य. सॅकमध्ये शेंगदाण्याच्या चटणीची पुडी होती, वेट्रेस आत गेल्यावर हळूच टाकली. बिलावर हजारांचे आकडे बघून पोटात गोळा येतो, पण तेव्हा साधारण 45-50 पेसोंचा एक रुपया होता.

दीडला आभाळ फुटलं. छत्री अर्थातच लिमाला गेलेल्या बॅगेत. त्यात दोनला सिक्लोव्हिया संपते आणि सगळ्या गाड्या एकदम रस्त्यावर येतात हे माझ्या हिशोबात नव्हतं, त्यामुळे परतीची टॅक्सी माजिवड्यासारखीच रांगत गेली. तीनला पोचले. गेटवर खुर्चीखाली मोजे वाळत घातले आणि सॅकमधला पानेलाचा गोल ढेप कोरडा आहे ना तेवढं चाचपून बघितलं. आईसाठी घेतलाय, कोल्हापुरी नाही म्हणून नाक मुरडणारच आहे ती.